गोरज मुहूर्त आणि द्राक्षांच्या ओळी : वायनरीतलं लग्न शूट करताना

वायनरीतल्या लग्नाची ऑर्डर आली की आधी दोन गोष्टी विचारायच्या. तारीख कोणती, आणि मुहूर्त किती वाजून किती मिनिटांनी? तारखेवरून बाग कशी दिसणार ते कळतं, मुहूर्तावरून उजेड किती मिळणार ते कळतं. पॅकेजचं नंतर बघता येतं.

आधी बागेचं. नाशिककडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. तुळशीचं लग्न लागल्यावरचे मुहूर्त, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पूर्वार्ध, हा पानोऱ्यासाठी सगळ्यात चांगला काळ. वेल भरलेले असतात, मात्र घड हिरवे आणि मणी कडक. पौषात मुहूर्त नसतात, आणि नेमकं त्याच सुमारास काळ्या जातींच्या मण्यांत पाणी उतरून रंग चढायला लागतो. माघात पिकलेले घड मिळतील, पण वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. त्यामुळे एक प्लॉट लगडलेला आणि शेजारचा रिकामा, असं चित्र असतं. शिवाय पाखरांपासून राखण म्हणून बऱ्याच ओळींवर जाळी टाकलेली असते. ड्रोनमधून ती पांढऱ्या चादरीसारखी दिसते, आणि ग्रेडिंगमध्ये (नंतरच्या रंगदुरुस्तीत) ती काही पुसता येत नाही.

एप्रिलच्या लग्नाचं क्लायंटला आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. खरड छाटणीनंतर बागेत उरतात खांब, तारा, खोडं आणि ओलांडे (तारेवर आडव्या बांधलेल्या जाड फांद्या). वेबसाइटवरचे फोटो डिसेंबरचे असतात. एप्रिलमध्ये फ्रेम लॉनकडे, धरणाच्या पाण्याकडे, डोंगराकडे वळवावी लागते. मेच्या मध्यापर्यंत कोवळी फूट येते आणि हिरवा रंग परततो, पण मग ऊन आणि उष्णता दोन्ही सोसावी लागतात.

म्हणून रेकी करताना बँक्वेट मॅनेजरवर थांबायचं नाही. बागेचा सुपरवायझर गाठायचा. लग्नाच्या दिवशी कोणता प्लॉट तोडायचा राहिलेला असेल, जाळी कुठे असेल, शेवटची फवारणी कधी, आणि ठिबक कधी चालू असणार, एवढं त्याच्याकडून काढून घ्यायचं. फवारणीचं अंतर मुख्यतः तब्येतीसाठी पाळायचं. दुसरं कारण असं की बोर्डो या बुरशीनाशकाचा निळसर-पांढरा थर पानावर बसतो आणि क्लोजअपमध्ये पान आजारी दिसतं. ठिबकचं कारण अगदी साधं आहे. काळी माती ओली असली की नवरीच्या नऊवारीचा काठ आणि तुमच्या गिंबलवाल्याचे (कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी धरणाऱ्याचे) बूट दोन्ही गेले. ज्या दोन-तीन ओळींत शूट करायचं, त्यांचं पाणी आदल्या दोन दिवसांसाठी बंद ठेवायची विनंती करा. बहुतेक जण ऐकतात, फक्त ती आठवडाभर आधी करायला हवी.

ओळीत उतरल्यावर काय होतं ते बघू. वाइनच्या द्राक्षांच्या दोन ओळींत साधारण आठ-नऊ फूट अंतर असतं. त्यात नवरा-नवरी शेजारी शेजारी चालतात आणि समोर गिंबलवाला उलटा चालतो. त्याच्या मागे एक माणूस हवाच, पाठीवर हात ठेवून चालवणारा, कारण ठिबकची नळी जमिनीवर किंवा घोट्याएवढ्या उंचीवर असते आणि उलट चालणाऱ्याला ती दिसत नाही. पैठणीचा पदर तारेच्या बाजूला येऊ द्यायचा नाही. पदराची जर तारेच्या पिळाला किंवा सुतळीच्या गाठीला अडकली की धागा निघतो, आणि मग पुढचा तासभर घरच्यांच्या चेहऱ्यावर तो धागाच दिसतो. पदर आतल्या खांद्यावर येईल अशा बाजूने नवरीला चालवा.

ओळी बऱ्याचदा उत्तर-दक्षिण असतात, वेलीच्या दोन्ही बाजूंना ऊन मिळावं म्हणून. दुपारी चार-साडेचारला पश्चिमेच्या ओळीची सावली चालायच्या वाटेवर पडते आणि चेहरा अर्धा उन्हात, अर्धा सावलीत येतो. पानांतून आलेले उन्हाचे ठिपके तर चेहऱ्यावर फारच वाईट दिसतात. अशा वेळी ओळीच्या मध्यात न चालवता पूर्ण सावलीतल्या कडेला घ्यायचं आणि मागची ओळ उन्हात ठेवायची. डिसेंबरात दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम ४६ अंशांवर असतो, त्यामुळे तेव्हा दक्षिणेकडे पाठ करून उभं केलं की केसांवर छान कड येते. मेमध्ये हे चालत नाही. सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

उघड्या रानात एनडी फिल्टरचा (लेन्सवर बसणाऱ्या, उजेड कापणाऱ्या काळ्या काचेचा) हिशेब आधी करून ठेवावा. सोनी ए७एस ३ या कॅमेऱ्यावर एस-लॉग ३ (उजेड-अंधारातले तपशील जपणारी फिकट रेकॉर्डिंगची पद्धत) वापरताना संवेदनशीलतेच्या दोन मूळ पातळ्यांपैकी खालची, म्हणजे खालचा बेस आयएसओ, ६४० आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिव्यांची लुकलुक टाळायला २५ फ्रेम आणि शटर १/५०. कडक उन्हात अॅपर्चर एफ २.८ ठेवायचं असेल तर जवळपास पावणेनऊ स्टॉप एनडी लागते (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). लॉगमध्ये मुद्दाम स्टॉपभर उजेड जास्त दिला तरी साडेसात-आठ. दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करता येणारा) एनडी इथे पुरत नाही, आणि नेमका तोच बॅगेत असतो. मग शटर १/१००० वर नेलं जातं, आणि वाऱ्याने हलणारी पानं व नाचणारे पाय तुटक दिसायला लागतात. सहा ते नऊचा एक आणि दोन ते पाचचा एक, असे दोन ठेवावेत. शक्यतो चुंबकाने बसणारे घ्या, कारण संध्याकाळी ते बदलायला दहा सेकंदच मिळतात. रुंद लेन्सवर व्हेरिएबल एनडी टोकापर्यंत फिरवला की आभाळात फुलीसारखा काळा डाग येतो, त्यामुळे शेवटचा एक स्टॉप वापरात नाही असंच धरून चालावं.

आता खरा विषय. वायनरीत लग्न ठरवणाऱ्यांना गोरज मुहूर्त हवा असतो, मागे सूर्यास्त दिसावा म्हणून. नाशिकला सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस ५:५५ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यात ६:३५ ला आणि मेच्या मध्यात ७:०५ च्या सुमारास होतो. सूर्य बुडाल्यापासून संधिप्रकाश संपेपर्यंत २२-२३ मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात उजेड सुमारे सात स्टॉप कमी होतो. मंगलाष्टकं नावाला आठ. मावशी, आत्या, नवरदेवाचे मित्र असे सगळे एकेक म्हणणार म्हटल्यावर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणजे पहिल्या ‘सावधान’ला जे एक्स्पोजर होतं ते शेवटच्या ‘सावधान’ला कामाचं नसतं. मुहूर्त सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी आहे की दहा मिनिटं नंतर, त्यावर लाइटचं सगळं सामान बदलतं. पत्रिकेवरची वेळ आणि त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ कागदावर शेजारी शेजारी लिहून मगच क्रूला बोलवावं.

दुसरी अडचण दिशेची, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधू-वर पूर्व-पश्चिम असे समोरासमोर उभे राहतात. म्हणजे मावळतीला एकाच्या तोंडावर केशरी ऊन आणि दुसऱ्याच्या पाठीवर. इकडे डेकोरेशनवाल्याने मांडव ‘सनसेट व्ह्यू’ म्हणून पश्चिमेला पाठ करून बांधलेला असतो. पाहुणे पश्चिमेकडे बघत बसतात आणि त्यांना दोघांपैकी एकाची फक्त पाठ दिसते. कॅमेऱ्यालाही तेच. काही गुरुजी दिशेबाबत काटेकोर असतात, काही थोडं तिरकं उभं करू देतात. आदल्या संध्याकाळी गुरुजींना फोन, डेकोरेशनवाल्याला फोन, आणि बोहल्यावर खडूने खूण. कोण कुठे उभं राहणार आणि अंतरपाट कोणत्या बाजूला ओढला जाणार, हे त्याच फोनवर विचारून घ्यायचं. ज्या बाजूला कापड येणार त्या बाजूला मुख्य कॅमेरा लावलात तर नेमक्या क्षणी फ्रेमभर पांढरं कापड आणि धरणाऱ्याचं कोपर.

तीन कॅमेऱ्यांची मांडणी अशी. पहिला दोघांच्या मधोमध, अंतरपाटाच्या रेषेत, दोन्ही चेहरे बाजूने दिसतील असा, ३५ मिलिमीटरच्या आसपास, ट्रायपॉडवर, दीड फुटाच्या चौरंगावर. हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला मावळतो, त्यामुळे हा कॅमेरा दक्षिणेकडून लावला तर उजेड कॅमेऱ्याच्या किंचित मागून येतो आणि दोन्ही चेहरे वाचतात. मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या २० अंश उत्तरेला जातो, तेव्हा बाजू बदलायची. दुसरा आणि तिसरा कॅमेरा ७०-२०० लेन्सवर, बोहल्यापासून २५-३० फूट लांब, दोघांच्या खांद्यांवरून समोरचा चेहरा घेणारे. जवळ लावून उपयोग नाही. मामा पाठीशी उभे राहतात, करवली दिवा घेऊन येते, मित्र मोबाइल वर करतात. मामांना आधीच नम्रपणे सांगून ठेवायचं, ‘मामा, अर्धा फूट डावीकडे राहा.’ ऐन वेळी सांगितलं तर ते ऐकूच जात नाही.

पूर्वेकडून पश्चिमेकडे बघणारा कॅमेरा सगळ्यात अडचणीत असतो. समोर तेजाळ आभाळ आणि चेहरा काळोखात. त्या चेहऱ्यासाठी २००-३०० वॉटचा एक एलईडी, मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये, आठ-दहा फुटांवरून. दुपारी चारला हा दिवा उन्हापुढे काहीच नाही, सूर्यास्ताला बरोबर पुरतो आणि वीस मिनिटांनी जास्त होतो. म्हणून त्याच्याजवळ रिमोट घेऊन एक माणूस बसवायचा, दर मंगलाष्टकाला थोडा मंद करायला. रंगाचा घोळही इथेच होतो. आभाळ निळं, माळांचे बल्ब पिवळे, स्टेजचे एलईडी पांढरे. सगळ्या कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स ४३०० केल्विनच्या आसपास एकच बांधून टाका. ऑटोवर ठेवला तर तिन्ही कॅमेऱ्यांत नवरीची साडी तीन रंगांची.

उजेड कमी होत जातो तसा आधी एनडी उतरवायचा, मग अॅपर्चर उघडायचं, आणि शेवटी आयएसओ. ए७एस ३ वर वरचा बेस १२,८०० आहे, म्हणजे ६४० पासून एकदम सव्वाचार स्टॉपची उडी. मधल्या आकड्यांवर रेंगाळत बसण्यापेक्षा पुरेसं अंधारल्यावर एकदाच उडी मारावी आणि जास्तीचा उजेड एनडीने कापावा. पण तिन्ही कॅमेऱ्यांनी एकाच वेळी नाही. एक बदलत असताना दोन चालू राहिले पाहिजेत, आणि हे काम दोन मंगलाष्टकांच्या मधल्या श्वासात उरकायचं.

‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ कानावर पडलं की कोणी कशालाही हात लावायचा नाही. अंतरपाट आता बाजूला ओढला जाणार. वाजंत्री एकदम सुरू होते, अक्षता पडतात, हार वर जातात, आणि सगळं मिळून दहा-बारा सेकंदांत संपतं. या दहा सेकंदांत फसणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. हार चेहऱ्यासमोर आला की ऑटोफोकस झेंडूवर उडी मारतो; त्यासाठी फोकस बदलण्याचा वेग कमी ठेवायचा आणि एफ २.८ ऐवजी एफ ४ वर राहायचं. स्लो मोशनचा मोह फक्त एका लांबच्या कॅमेऱ्यावर पुरवायचा. १०० फ्रेमला शटर १/२०० लागतं, म्हणजे आधीच कमी झालेल्या उजेडातून आणखी दोन स्टॉप जातात, आणि सोनीच्या एस अँड क्यू (स्लो अँड क्विक) मोडमध्ये आवाजही रेकॉर्ड होत नाही. लेन्सला हूड हवंच. अक्षता काचेवर आदळून काही बिघडत नाही, पण झूमच्या नळीच्या फटीत तांदूळ गेला की झूम कुरकुरायला लागतो.

लाजाहोम उघड्यावर असेल तर अर्धा तास आधी होमकुंडाच्या जागी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. कॅमेरा त्याच्या आडव्या बाजूला.

आवाजाकडे वळू, कारण चित्र थोडं काळं आलं तर चालवून घेतात, गुरुजींचा आवाज तुटला तर आई-वडील विचारतात. वायनरीत दोन शत्रू : वारा आणि पाहुण्यांचे मोबाइल. धरणाच्या बाजूच्या लॉनवर संध्याकाळी पाण्यावरून वारा येतो. उघड्या लॅव्हेलियरवर (कपड्याला लावायच्या छोट्या माइकवर) तो नुसता ढप-ढप वाजतो, आणि एकदा माइक फाटला की एडिटमध्ये दुरुस्ती नाही. प्रत्येक माइकला केसाळ कव्हर आणि ८० ते १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालची घरघर कापणारा फिल्टर). एक माइक नवरदेवाच्या उपरण्याच्या आत, पण जरीला घासणार नाही असा. कापडाच्या आतल्या बाजूला टेपने दोन ठिकाणी पक्का. दुसरा गुरुजींच्या उपरण्याच्या काठाला. स्वस्त वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तीनशे माणसांच्या खिशातले फोन व व्हेन्यूचं वायफायही तिथेच. दुपारी रिकाम्या लॉनवर शंभर फुटांवरून स्वच्छ येणारा आवाज गर्दी जमल्यावर तीस फुटांवर तुटतो, कारण मध्ये माणसांची शरीरं येतात. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्ड होणारा संच घ्या, ३२ बिट फ्लोटवाला (अचानक मोठा झालेला आवाजही न फाटता साठवणारा) असेल तर वाजंत्रीच्या स्फोटाची काळजी मिटते.

साउंडवाल्याच्या मिक्सरवरून एक लाइन घ्यायचीच. त्याला ‘ऑक्समधून (मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून) फक्त माइक द्या’ असं सांगायचं, म्हणजे मधली गाणी त्यात मिसळणार नाहीत. हा सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरकस असतो. रेकॉर्डरचं इनपुट माइकवर राहिलं तर मीटर हिरवा दिसत असतानाही आवाज चिरलेला येऊ शकतो, म्हणून हेडफोन लावून ऐकल्याशिवाय जागा सोडू नका. तिसरा रेकॉर्डर गर्दीजवळ, सनई आणि टाळ्यांसाठी. सिंक करताना एक लक्षात ठेवा : स्पीकरपासून ४० मीटर लांब असलेल्या कॅमेऱ्याच्या माइकवर आवाज जवळपास तीन फ्रेम उशिरा पोचतो. त्या आवाजावर वेव्हफॉर्म (एडिटमध्ये दिसणारी आवाजाची नक्षी) जुळवली की ओठ आणि शब्द चुकतात आणि कोणाला कारण सापडत नाही.

ड्रोनचं थोडक्यात, कारण लोकांना त्याचं वाजवीपेक्षा जास्त कौतुक आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात) ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडायचा. नाशिकभोवती ओझरचा विमानतळ आहे, देवळाली आणि गांधीनगरचा लष्करी भाग आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्याशिवाय स्थानिक पोलिसांचा मनाई आदेश चालू आहे का, हे ठाण्यात विचारायचं.

उंच जाऊन काही मिळत नाही. ओळींची रेघारेघांची नक्षी १५-२० मीटरवरून, सकाळच्या तिरप्या उन्हात दिसते. ओळींना आडवं वेगाने उडवलं तर २५ फ्रेमला रेघा थरथरतात. ओळींच्या दिशेने किंवा अगदी सावकाश जायचं, एनडी लावून शटर १/५० वर. परतीची उंची विजेच्या तारांपेक्षा वर बांधून ठेवायची. पाहुण्यांच्या डोक्यावर नाही, आणि पहिल्या मंगलाष्टकाआधी ड्रोन पेटीत.

वायनरीच्या आतला भाग बहुतेकांना हवा असतो. स्टीलच्या टाक्यांत तुम्ही, लाइट, ट्रायपॉड सगळे दिसता. लेन्स किंचित वरून आणि कोन तिरका. पिंपांच्या तळघरात थंडावा राखलेला असतो. फेब्रुवारीत फरक जाणवत नाही, पण मेच्या दुपारी थंडीतून बाहेर आलात की काच धुक्याने भरते आणि ती दहा-पंधरा मिनिटं पुसून उपयोग होत नाही. कॅमेरा बॅगेत बंद करून बाहेर आणा आणि बॅगेतच तापू द्या. तोडणीच्या हंगामात टाक्यांच्या खोलीत आंबवण चालू असतं. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. वाइनमेकरला विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि लो अँगलसाठी जमिनीवर आडवं तर मुळीच नाही.

रात्री दहाला स्पीकर बंद होतात. संगीत आणि रिसेप्शन त्याच संध्याकाळी असेल तर वेळापत्रक त्या दहापासून उलटं मोजा. एका कॅमेऱ्याचं ४के, २५ फ्रेम, १४० मेगाबिटचं फुटेज तासाला ६३ जीबी होतं. तीन कॅमेरे पाच तास म्हणजे ९४५ जीबी. दोन टेराबाइटच्या दोन ड्राइव्ह आणि कार्डांच्या दोन्ही खाचांत रेकॉर्डिंग. कार्ड व्हेन्यूवरच उतरवून घ्या. पहाटे तीनला हायवेवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन नाही.

राहिलं जोडीचं शूट. गोरज मुहूर्त असेल तर लग्न लागल्यावर उजेड उरत नाही, आणि आधी करायचं तर अंतरपाटाआधीच दोघं एकमेकांना बघणार, ते घरातल्या मोठ्यांना पटेलच असं नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशीची सकाळ मागून घ्यावी. डिसेंबरात सूर्य सातला उगवतो. सव्वासात ते आठ या वेळात ओळींत धुकं असतं, वारा पडलेला असतो, लॉनवर माणूस नसतं. दव असतं, म्हणून पैठणी नको, सुती किंवा खणाची साडी. चपला हातात, आणि ओळीच्या टोकाला एक कोरडा टॉवेल.